प्राणिविज्ञान

प्राणिविज्ञान : प्राण्यांची शरीररचना, शरीरात चालणाऱ्या क्रिया, वाढ, वर्तन, परिस्थितीशी असलेले संबंध, भौगोलिक वाटप, उत्पत्ती व वर्गीकरण यांचा शास्त्रीय पद्धतीने अभ्यास करणारी जीवविज्ञानाची एक प्रमुख शाखा. तिची व्याप्ती फार मोठी आहे. प्राण्यांच्या सु. १५ लाख जातींचे आतापर्यंत वर्णन झालेले असून त्यांपैकी सु. १० लाख जाती एकट्या कीटकांच्या आहेत. भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेने २०२४ मध्ये तयार केलेल्या सूचीत भारतातील एक लाखाहून अधिक जातींची नोंद आहे. एवढ्या विविधतेचा अभ्यास एका व्यक्तीला किंवा एका पद्धतीने करणे शक्य नसल्यामुळे या विज्ञानाच्या अनेक शाखा व उपशाखा निर्माण झाल्या. या शाखा वेगवेगळ्या असल्या, तरी एखाद्या प्रत्यक्ष प्रश्नाचा उलगडा करताना त्यांना एकमेकींचा आधार घ्यावाच लागतो.

हे परस्परावलंबन एखाद्या लहान प्रदेशातील प्राण्यांच्या साहाय्याने चांगले स्पष्ट होते. पालघर जिल्ह्यातील वसई-विरार परिसर या दृष्टीने सोयीचा आहे. त्याच्या दक्षिणेस वसईची खाडी, उत्तरेस वैतरणा नदीचे मुख, पश्चिमेस अरबी समुद्र व पूर्वेस तुंगारेश्वरचे डोंगर आहेत. खुला समुद्र, वाळूचे किनारे, चिखलवट, कच्छ वनश्री (तिवरांची वने), मिठागरे, भातशेती, बागायत आणि पानझडी जंगल ही सर्व अधिवासस्थाने येथे काही किलोमीटरांच्या अंतरात आढळतात. अर्नाळा, पाचूबंदर, किल्लाबंदर, नायगाव इ. ठिकाणच्या कोळी समाजाचा चरितार्थ प्राण्यांवरच अवलंबून आहे. प्रस्तुत नोंदीत प्राणिविज्ञानाच्या शाखांची माहिती देताना शक्य तेथे या परिसरातील उदाहरणे घेतली आहेत.

इतिहास : प्राण्यांविषयीचे ज्ञान शिकार, मासेमारी व पशुपालन यांच्या गरजेतून सुरू झाले. प्राचीन भारतीय ग्रंथांत जन्माच्या प्रकारावरून जीवांचे जरायुज, अंडज, स्वेदज व उद्‌भिज्ज असे गट केलेले आढळतात. ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल (इ. स. पू. ३८४–३२२) यांनी सु. ५०० प्रकारच्या प्राण्यांचे निरीक्षण व तुलना करून त्यांचे गट पाडले. त्यामुळे त्यांना प्राणिविज्ञानाचे जनक मानतात. सतराव्या शतकात सूक्ष्मदर्शकामुळे डोळ्यांना न दिसणारे जीव ज्ञात झाले. स्वीडिश शास्त्रज्ञ कार्ल लिनीअस (१७०७–७८) यांनी वंश व जाती दर्शविणारी द्विनाम पद्धती रूढ केली. त्यांच्या ग्रंथाच्या १७५८ मधील दहाव्या आवृत्तीपासून प्राण्यांची शास्त्रीय नावे अधिकृत धरली जातात. फ्रेंच शास्त्रज्ञ झॉर्झ क्यूव्ह्ये (१७६९–१८३२) यांनी तुलनात्मक शारीराचा पाया घातला. कोशिका सिद्धांत (१८३८-३९), चार्ल्स डार्विन यांचा क्रमविकासावरील ग्रंथ (१८५९), ग्रेगोर मेंडेल यांचे आनुवंशिकतेविषयीचे प्रयोग (१८६६) आणि डीएनए रेणूच्या संरचनेचा शोध (१९५३) हे पुढील महत्त्वाचे टप्पे होत.

भारतात आधुनिक प्राणिविज्ञानाची सुरुवात एकोणिसाव्या शतकात झाली. गंगा व तिच्या शाखांतील माशांवरील फ्रान्सिस हॅमिल्टन यांचा ग्रंथ १८२२ मध्ये आणि भारतातील माशांवरील फ्रान्सिस डे यांचा ग्रंथ १८७५–७८ या काळात प्रसिद्ध झाला. मुंबईत १८८३ मध्ये बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटी ही संस्था स्थापन झाली. पक्षिवैज्ञानिक सालिम अली (१८९६–१९८७) यांचे कार्य मुख्यतः या संस्थेच्या आश्रयाने झाले. भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्था १९१६ मध्ये, केंद्रीय सागरी मात्स्यिकी संशोधन संस्था १९४७ मध्ये आणि मुंबईतील केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्था १९६१ मध्ये अस्तित्वात आली.

शाखांची विभागणी : प्राणिविज्ञानाच्या शाखा दोन प्रकारे पाडतात. पहिल्या प्रकारात अभ्यासाचा विषय कोणता हे पाहतात, उदा., रचना, क्रिया, वाढ, वर्तन इत्यादी. दुसऱ्या प्रकारात प्राण्यांचा गट कोणता हे पाहतात, उदा., कीटक, मासे, पक्षी इत्यादी. यांखेरीज मिळालेल्या ज्ञानाचा व्यवहारात उपयोग करणाऱ्या अनुप्रयुक्त शाखा आहेत.

वर्गीकरणविज्ञान : प्राण्यांना नावे देणे, त्यांची वर्णने करणे व त्यांच्या नात्यानुसार त्यांची जाती, वंश, कुल, गण, वर्ग व संघ अशी मांडणी करणे हे या शाखेचे कार्य आहे. एकाच प्राण्याला गावोगाव निराळी नावे असतात, तर कधी अनेक प्राणी एकाच नावाने ओळखले जातात. त्यामुळे सर्वमान्य शास्त्रीय नाव आवश्यक ठरते. बोंबलाचे शास्त्रीय वर्णन प्रथम हॅमिल्टन यांनी १८२२ मध्ये गंगेच्या मुखाजवळील नमुन्यांवरून केले व त्याला ऑस्मेरस वंशात घातले. पुढे रचनेतील भेद लक्षात आल्यावर त्याचा समावेश हार्पाडॉन या वंशात करण्यात आला. त्याचे आजचे नाव हार्पाडॉन नेहेरियस असे आहे. जातीचे नाव मात्र पहिल्या वर्णनातीलच कायम राहिले. कारण नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार आधी दिलेल्या नावास अग्रक्रम मिळतो.

वर्गीकरणाचे काम संपलेले नाही. महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये पापलेट (सरंगा) हा राज्यमासा म्हणून घोषित केला. त्याचे नाव दीर्घकाळ पँपस आर्जेंटियस असे सांगितले जात असे. तथापि शरीराची मापे व जनुकीय रचना यांच्या अलीकडील अभ्यासावरून उत्तर हिंदी महासागरातील पापलेट ही पँपस कँडिडस ही वेगळी जाती असल्याचे मत मांडण्यात आले आहे. हा भेद केवळ नावापुरता नाही. दोन जातींचे प्रजोत्पादन, वाढ व वाटप भिन्न असू शकते आणि दुसऱ्या समुद्रातील जातीची मापे येथील माशाला लावल्यास त्याच्या संरक्षणाचे नियम चुकतात.

आकारविज्ञान व शारीर : प्राण्याचा बाह्य आकार व अंतर्रचना यांचा अभ्यास या शाखांत होतो. बोंबलाचे शरीर लांबट व मऊ असून मुख रुंद असते. दात बारीक व आत वळलेले असल्यामुळे पकडलेले भक्ष्य निसटत नाही. शरीराच्या मागील भागावरच खवले असतात आणि अस्थींत कॅल्शियमाचे प्रमाण कमी असल्याने सांगाडा लवचिक असतो. मांसात पाण्याचे प्रमाण फार असल्यामुळे ताजा बोंबील लवकर खराब होतो. बांबू व दोर यांच्या वलांडीवर बोंबील वाळविण्याची कोळ्यांची पद्धत या शारीरिक वैशिष्ट्याशी सुसंगत आहे. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ते दोरावर टांगता येतात, तेही मुखाच्या व दातांच्या विशिष्ट रचनेमुळेच. ऊतकांच्या सूक्ष्म रचनेचा अभ्यास ऊतकविज्ञानात आणि कोशिकांचा अभ्यास कोशिकाविज्ञानात केला जातो.

शरीरक्रियाविज्ञान : श्वसन, पचन, रक्ताभिसरण, उत्सर्जन, तंत्रिका तंत्राचे कार्य इ. क्रिया या शाखेचा विषय होत. खाडीतील पाण्याची लवणता भरतीच्या वेळी वाढते, ओहोटीला व विशेषतः पावसाळ्यात घटते. अशा पाण्यात राहणाऱ्या प्राण्याला शरीरातील लवणांचे प्रमाण नियंत्रित ठेवावे लागते. वसईच्या खाडीकाठच्या चिखलात आढळणारी निवटी (बोलिऑफ्थॅल्मस दुसुमिएरी) हे अशा अनुकूलनाचे उत्तम उदाहरण आहे. हा मासा ओहोटीच्या वेळी पाण्याबाहेर राहतो. कल्ल्यांच्या पोकळीत पाणी व हवा धरून ठेवून तसेच ओलसर त्वचा व मुखातील अस्तर यांच्याद्वारे तो ऑक्सिजन मिळवितो. स्नायुमय अंसपक्षांच्या साहाय्याने तो चिखलावर सरपटतो व पृष्ठभागावरील सूक्ष्म शैवले खरवडून खातो. त्वचा कोरडी पडल्यास त्याचे श्वसन बिघडते. म्हणून तो मधूनमधून चिखलात लोळतो.

भ्रूणविज्ञान : फलित अंड्यापासून पूर्ण प्राणी तयार होईपर्यंतच्या बदलांचा अभ्यास या शाखेत होतो. अनेक सागरी प्राण्यांच्या अंड्यांतून प्रौढासारखे न दिसणारे डिंभ बाहेर पडतात. मोठ्या कोळंबीच्या जाती समुद्रात अंडी घालतात. त्यांच्या वाढीत नॉप्लियस, प्रोटोझोइया व मायसिस या डिंभावस्था येतात आणि त्यांनंतरची इवली पिले भरतीच्या पाण्याबरोबर खाडीत शिरतात. तिवरांच्या मुळांत व उथळ चिखलवटीत त्यांना अन्न व आसरा मिळतो. काही महिने वाढल्यावर ती पुन्हा समुद्राकडे जातात. चिंबोरीच्या (सिल्ला वंशातील खेकड्याच्या) बाबतीतही मादी अंडी सोडण्यासाठी समुद्राकडे जाते व झोइया, मेगॅलोपा या अवस्थांनंतर पिले खाडीच्या आश्रयास येतात. त्यामुळे खाडी ही समुद्रातील मासेमारीपासून वेगळी बाब नसून तिची रोपवाटिकाच आहे, असा निष्कर्ष निघतो.

परिस्थितिविज्ञान : जीव व त्यांची परिस्थिती यांच्या परस्परसंबंधांचा अभ्यास करणाऱ्या या शाखेला एर्न्स्ट हेकेल यांनी १८६६ मध्ये नाव दिले. वसई किनाऱ्यावरील अन्नसाखळीत सूक्ष्म वनस्पती व कुजणारे तिवराचे पान हे पायाशी असतात. त्यांवर जवळा (ॲसिटिस इंडिकस) यासारखे लहान कवचधारी प्राणी वाढतात. जवळा व करंदी हे बोंबलाचे प्रमुख अन्न होय. बोंबील स्वतःच्या जातीची लहान पिलेही खातो. बोंबलावर मोठे मासे जगतात. साखळीतील एक दुवा कमी झाला, तर त्याचा परिणाम वरच्या व खालच्या दोन्ही दुव्यांवर होतो.

प्राणिभूगोल : प्राण्यांच्या भौगोलिक वाटपाचा व त्याच्या कारणांचा विचार या शाखेत होतो. बोंबील गुजरात व उत्तर महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर विपुल आहे, दक्षिणेकडे तो तुरळक होत जातो आणि बंगालच्या उपसागराच्या उत्तर भागात पुन्हा मोठ्या प्रमाणात आढळतो. दोन्ही क्षेत्रांत मोठ्या नद्यांचा गाळ, उथळ किनारा व भरती-ओहोटीचे जोरदार प्रवाह ही समान परिस्थिती आहे.

वर्तनविज्ञान : प्राण्यांच्या हालचाली, संदेशवहन, प्रियाराधन, संततिसंगोपन इत्यादींचा अभ्यास या शाखेत होतो. ओहोटीच्या वेळी चिखलवटीवर बिळांतून बाहेर येणाऱ्या लहान खेकड्यांतील नराची एक नांगी अतिशय मोठी असते. ती विशिष्ट लयीत हलवून तो मादीला आकर्षित करतो व इतर नरांना इशारा देतो. या हालचालींची लय जातीजातींत भिन्न असल्यामुळे सारखे दिसणारे खेकडे वर्तनावरूनही ओळखता येतात.

आनुवंशिकी व क्रमविकास : मातापित्यांकडून संततीत लक्षणे कशी उतरतात याचा अभ्यास आनुवंशिकीत, तर दीर्घ कालावधीत जाती कशा बदलतात याचा अभ्यास क्रमविकासात केला जातो. डीएनएच्या ठराविक खंडाची तुलना करून मासळीच्या तुकड्यावरूनही जात ओळखता येते. पुराजीवविज्ञान ही शाखा जीवाश्मांच्या आधारे नष्ट झालेल्या प्राण्यांची माहिती देते.

प्राणिगटांनुसार शाखा : आदिजीवविज्ञान, कृमिविज्ञान, मृदुकाय प्राण्यांचे विज्ञान, कीटकविज्ञान, मत्स्यविज्ञान, उभयचर व सरीसृप प्राण्यांचे विज्ञान, पक्षिविज्ञान आणि सस्तन प्राण्यांचे विज्ञान या यांतील प्रमुख शाखा होत. खाडीतील कालवे व तिसऱ्या हे मृदुकाय प्राणी, तर खेकडे, कोळंबी व कीटक हे संधिपाद प्राणी आहेत. कीटकविज्ञानाचा संबंध शेती व आरोग्य यांच्याशी निकटचा आहे. भातावरील खोडकिडा, केळीच्या कंदातील सोंडकिडा व साचलेल्या पाण्यात वाढणारे डास यांचे जीवनचक्र ठाऊक असल्याशिवाय त्यांचे नियंत्रण करता येत नाही. हिवतापाच्या परजीवीचा प्रसार डासांमार्फत होतो याचा निर्णायक पुरावा रॉनल्ड रॉस यांना भारतातच १८९७ मध्ये मिळाला.

हिवाळ्यात येथील चिखलवटींवर व मिठागरांत उत्तरेकडून स्थलांतर करून येणारे पाणटिवळे, कुरव इ. पक्षी उतरतात. त्यांची ठराविक जागी दरवर्षी केलेली गणना ही किनाऱ्याच्या स्थितीची निदर्शक असते. पूर्वेकडील तुंगारेश्वर अभयारण्य २००३ मध्ये घोषित झाले असून त्याचे क्षेत्रफळ सु. ८५ चौ. किमी. आहे. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान व तानसा अभयारण्य यांमधील दुवा म्हणून त्याचे महत्त्व आहे. येथील सस्तन प्राण्यांत बिबळ्या प्रमुख आहे. प्रत्येक बिबळ्याच्या अंगावरील ठिपक्यांची नक्षी वेगळी असल्याने स्वयंचलित कॅमेऱ्यांनी घेतलेल्या छायाचित्रांवरून त्यांची गणना करता येते. २०२४ मध्ये वसईच्या किल्ल्याच्या परिसरात आलेला एक बिबळ्या वन विभागाने काही आठवड्यांच्या प्रयत्नांनंतर पिंजऱ्यात पकडला. जंगलाभोवती वस्ती वाढत असताना अशा प्राण्यांच्या हालचालींचे ज्ञान लोकांच्या सुरक्षिततेसाठीही आवश्यक झाले आहे.

अनुप्रयुक्त शाखा : मात्स्यिकी, पशुसंवर्धन, कृषी-कीटकविज्ञान, परजीवीविज्ञान, वन्य जीव व्यवस्थापन इत्यादींचा यांत समावेश होतो. प्राणिविज्ञानाच्या सर्व शाखा एका प्रश्नावर कशा एकत्र येतात, हे बोंबलाच्या मासेमारीवरून स्पष्ट होते.

वसई किनाऱ्यावर बोंबील मुख्यतः डोल जाळ्याने पकडतात. हे शंकूच्या आकाराचे मोठे जाळे समुद्रतळाशी स्थिर केलेल्या आधारांना बांधतात. त्याचे रुंद तोंड भरती-ओहोटीच्या प्रवाहासमोर असते व मागील टोकाकडे जाळ्याचे आस (जाळ्याची छिद्रे) क्रमाने लहान होत जातात. प्रवाह जे वाहून आणील ते जाळ्यात शिरते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात प्रवाह जोराचा असल्याने मासळी अधिक मिळते, अष्टमीच्या सुमारास भांगाच्या दिवसांत ती घटते. जाळे माशाच्या मागे जात नसल्यामुळे इंधन कमी लागते व समुद्रतळ खरवडला जात नाही, हा या पद्धतीचा गुण आहे. परंतु जवळा पूर्ण वाढूनही जेमतेम ३–४ सेंमी. लांब असतो. तो पकडण्याइतके बारीक आस असलेल्या जाळ्यात बोंबलाची व पापलेटाची पिलेही अडकतात. पूर्ण वाढलेला बोंबील सु. ४० सेंमी.पर्यंत लांब होऊ शकतो. पिले एकदाही प्रजोत्पादन न करता मारली गेल्यास पुढील वर्षांची आवक घटते.

मासा कोणत्या लांबीला प्रजननक्षम होतो हे जननग्रंथींच्या परीक्षणावरून ठरवितात. या प्रकारच्या अभ्यासाच्या आधारे पकडण्याची किमान लांबी सुचविता येते. महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये ५४ जातींसाठी अशी मर्यादा निश्चित केली. तीनुसार बोंबलाची किमान लांबी १८० मिमी. व पापलेटाची १३५ मिमी. आहे. मात्र लांबीचा नियम एकटा पुरेसा नाही. डोल जाळे वर ओढेपर्यंत त्यातील नाजूक पिले बहुधा मेलेली असतात; त्यांना परत समुद्रात सोडून उपयोग होत नाही. म्हणून आसाचा आकार, जाळे लावण्याची जागा व हंगाम यांचाही विचार करावा लागतो. आस मोठे केल्यास जवळ्याचे उत्पन्न बुडते आणि जवळा सुकवून विकणाऱ्या कुटुंबांचे नुकसान होते. पिले कोणत्या महिन्यांत व कोणत्या पट्ट्यात अधिक असतात हे माहीत असेल, तरच दोन्ही बाजूंना मान्य होणारा मार्ग काढता येतो. ही माहिती वर्षानुवर्षे बंदरावर येणाऱ्या मासळीचे नमुने मोजूनच मिळते आणि ती मिळविताना समुद्रावर रोज जाणाऱ्या कोळ्यांचा अनुभव मोलाचा ठरतो.

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांच्या मासेमारीस बंदी असते. पावसाळ्यात होड्या किनाऱ्याला लावून नारळी पौर्णिमेस समुद्राची पूजा झाल्यावरच मासेमारीस निघण्याची कोळ्यांची जुनी रीत या नियमाशी मिळतीजुळती आहे. संरक्षित प्राणी सोडविण्यासाठी जाळे कापावे लागल्यास मच्छीमारास भरपाई देण्याची योजना राज्यात २०१८ पासून सुरू झाली. कच्छ वनश्रीच्या तोडीस मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये प्रतिबंध केला व २०१८ मधील निकालाने तो अधिक दृढ केला. तिच्या व्यवस्थापनासाठी राज्यात २०१२ मध्ये स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन झाला.

तथापि बंदी व कायदे यांचा उपयोग खाडी जिवंत असेपर्यंतच आहे. वसई-विरार महानगरपालिका २००९ मध्ये अस्तित्वात आली व परिसराचे नागरीकरण झपाट्याने झाले. पाणथळ जागांवरील भराव, सांडपाणी, वाळूचा उपसा व प्लॅस्टिकचा कचरा यांचा ताण खाड्यांवर पडतो. भरावामुळे भरतीचे पाणी अडल्यास कोळंबीची पिले तिवरांपर्यंत पोहोचत नाहीत आणि त्याचा परिणाम काही महिन्यांनी, काही मैल दूर, समुद्रातील जाळ्यात दिसतो. कारण व परिणाम यांत अंतर असल्यामुळे हा संबंध सहज लक्षात येत नाही. तो दाखवून देणे हे प्राणिविज्ञानाचे कार्य आहे. याच जिल्ह्यात वाढवण येथे मोठ्या बंदराची पायाभरणी २०२४ मध्ये झाली. अशा प्रकल्पांचे परिणाम मोजण्यासाठी आधीच्या स्थितीची नोंद असणे अत्यावश्यक असते. आधीची नोंद नसेल, तर घट झाली किंवा नाही याचा निर्णयच करता येत नाही.

अध्ययन व अध्यापन : महाराष्ट्रातील विद्यापीठांत प्राणिविज्ञान हा विषय पदवी व पदव्युत्तर स्तरांवर शिकविला जातो. पूर्वी अभ्यासक्रमात बेडूक, झुरळ इ. प्राण्यांच्या विच्छेदनास मोठे स्थान होते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मार्गदर्शक सूचनांनंतर ते बरेच कमी झाले असून त्याऐवजी प्रतिकृती, चित्रफिती व क्षेत्रीय निरीक्षण यांवर भर दिला जातो. ओहोटीच्या वेळी चिखलवटीवर ठराविक चौरस आखून त्यातील बिळे मोजणे, बाजारातील बोंबलांची लांबी दर महिन्याला नोंदविणे, ठराविक ठिकाणच्या पक्ष्यांची दर हिवाळ्यात गणना करणे यांसाठी खर्चिक उपकरणांची गरज नसते. मात्र तारीख, वेळ, जागा व भरती-ओहोटीची स्थिती यांसह नोंद अचूक व सातत्याने ठेवावी लागते. अशा नोंदींची परंपरा किनाऱ्यावरील विद्यालये व महाविद्यालये यांत निर्माण झाल्यास खाड्यांतील बदल वेळीच कळू शकतील व मासेमारीविषयीचे निर्णय स्थानिक पुराव्याच्या आधारे घेता येतील.